वर्डप्रेस थीम घेण्याआधी कोणाच्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा?

अनघा_वाचनालय

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट नव्याने करायची आहे. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) करायची हे ठरलंय, डोमेन आणि होस्टिंग आधीपासून आहे. मजकूर जवळजवळ सगळा मराठी: नव्या पुस्तकांच्या याद्या, व्याख्यानमालेची पत्रिका, दिवाळी अंक योजना, कार्यकारी मंडळ, वार्षिक अहवाल. वाचक बहुतेक मोबाइलवरून येतात आणि त्यांत ज्येष्ठ नागरिक पुष्कळ.

थीमसाठी, म्हणजे साइटच्या तयार मांडणी-रंगरूपासाठी, कमिटीने पाच हजार रुपयांपर्यंत खर्च मंजूर केलाय. पैसा सभासदांच्या वर्गणीतला आहे, म्हणून नीट चौकशी करून मगच घ्यायची आहे. पण रिव्ह्यू शोधायला गेलं की जिथे तिथे 'या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट २५ थीम'. त्याच पाच-सहा थीम, तीच चित्रं, सगळ्यांना ४.८ नाहीतर ४.९. एका ठिकाणी तोटा म्हणून लिहिलंय, 'पर्याय इतके आहेत की सुरुवातीला गोंधळायला होईल.' याला तोटा म्हणायचं?

थीम सुचवा असं मी आत्ताच म्हणत नाही. तुम्ही स्वतः निवडता तेव्हा कोणाचं ऐकता, तेवढं आधी सांगा.

घाटपायथा

अनघाताई, बारा महिने हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या २५ थीमच्या याद्या कशा तयार होतात ते आधी बघा. थीम विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अफिलिएट योजना असते. लेखातल्या दुव्यावरून जाऊन तुम्ही खरेदी केलीत की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. मोबाइलवर दुव्यावर बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता दिसतो. त्याच्या शेपटीला 'रेफ' किंवा 'अफ' आणि पुढे एखादं नाव किंवा आकडा असेल तर तो कमिशनचा दुवा. काही जण तो आपल्याच साइटच्या पत्त्यामागे लपवतात, मग क्लिक केल्यावर क्षणभर भलताच पत्ता येऊन जातो.

कमिशनमुळे लोक सरसकट खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. त्यापेक्षा मोठा परिणाम यादीत काय येत नाही त्यावर होतो. वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत पूर्ण फुकट, साध्या, हलक्या थीम भरपूर आहेत. ज्यांना विकत घ्यायची आवृत्तीच नाही त्यांच्यावर कोणाला कमिशन मिळत नाही, आणि मग त्यांच्यावर कोणी दोन हजार शब्द लिहीत नाही. तुमच्या वाचनालयाला कदाचित तशीच थीम लागेल, पण ती शोधात वर येणारच नाही.

दुसरं, तारीख. शीर्षकातलं वर्ष बदलायला काही लागत नाही. लेखाचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका आणि तीन वर्षांपूर्वीची प्रत उघडा. मजकूर शब्दशः तोच असेल तर तिथेच सोडून द्या. आणखी एक खूण आहे. वेगाबद्दल लिहिताना 'फर्स्ट इनपुट डिले' हा आजचा निकष म्हणून सांगितला असेल तर परीक्षण जुनं आहे. मार्च २०२४ मध्ये गुगलने तो काढून 'इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट' आणला. तसंच जानेवारी २०२२ मध्ये वर्डप्रेस ५.९ आलं, त्यात ब्लॉक थीम आल्या, म्हणजे हेडर-फूटरसुद्धा ब्लॉक एडिटरमधून (मजकुराचे ठोकळे रचायच्या साधनातून) बदलता येऊ लागले. थीमच्या रिव्ह्यूमध्ये ती ब्लॉक थीम आहे की जुन्या पद्धतीची, एवढंही नसेल तर लिहिणाऱ्याने ती उघडून पाहिली की नाही अशी शंका येते.

मी कोणाचं ऐकतो? जो सांगतो की अमुक कामासाठी घेतली, अमुक आवृत्ती होती, सहा महिन्यांनी अपडेट केल्यावर हे मोडलं आणि ते असं दुरुस्त केलं. असे लोक कमी असतात आणि त्यांच्या लेखाला बहुधा छान चित्रं नसतात.

दर्यावर्दी

मी वर्डप्रेसवर ब्लॉग लिहितो आणि कमिशनही घेतो, म्हणून ही बाजू मांडतो. प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तसं स्पष्ट लिहितो, तळाशी बारीक अक्षरांत नाही. आपल्याकडे आता याचे नियम आहेत. २०२२ च्या जूनमध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. ज्या वस्तूची शिफारस करता तिच्याशी पैशाचा, फुकट वस्तूचा, कसलाही संबंध असेल तर तो ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगायचा, असं त्यात आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे, पण २०२२ मध्ये ते ऐच्छिक म्हणून आलं.

माझं म्हणणं इतकंच की कमिशन दिसलं म्हणून लेख फेकून देऊ नका. लेखकाने कधी एखादी थीम 'घेऊ नका' असं म्हटलंय का, ते बघा. त्याच्या साइटवर पन्नास रिव्ह्यू असतील आणि पन्नासही थीम उत्तम असतील तर मग काय समजायचं ते तुम्हाला कळेलच.

घाटपायथा

@दर्यावर्दी, ही कसोटी चांगली आहे, मान्य. मी आणखी एक लावतो. लिहिणारा स्वतःच्या साइटला कुठली थीम वापरतो? संगणकावर पान उघडून सोर्स (पानामागचा कोड) बघा आणि त्यात 'डब्ल्यूपी-कंटेंट/थीम्स' शोधा, पुढे थीमचं नाव असतं. जिची तोंडभरून स्तुती केली ती स्वतः वापरत नसेल तर का नाही, हे विचारायचा हक्क वाचकाला आहे. तुमची आणि माझी तक्रार एकाच जातीच्या लेखांबद्दल आहे.

टिळकरोड

रेटिंगच्या चांदण्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी दुकानांच्या साइट करते, थीमफॉरेस्ट या थीम विकणाऱ्या ऑनलाइन बाजारातून बऱ्याच थीम घेतल्या आहेत.

तिथे रेटिंग फक्त विकत घेणाऱ्याला देता येतं, ही चांगली गोष्ट. पण प्रत्येक चांदणीसोबत कारण निवडलेलं असतं: डिझाइन, कोडची गुणवत्ता, ग्राहक सेवा, वगैरे. ते कारण वाचा. पाच चांदण्यांचे रिव्ह्यू सलग वाचत गेलं की पुष्कळांचं कारण ग्राहक सेवा असतं. म्हणजे अडचण आली, कंपनीतल्या कोणीतरी ती सोडवली आणि जाताना 'आम्हाला पाच चांदण्या द्या' म्हटलं. अडचण सोडवली हे चांगलंच, पण ती आली कशामुळे? कोडवर बोलणारे रिव्ह्यू वेगळे काढून वाचा, ते थोडेच असतील.

एक चांदणीवाले बरेचदा रागात लिहिलेले असतात, पैसे परत मिळाले नाहीत किंवा डेमो (विक्रेत्याची नमुना साइट) जसाच्या तसा उभा राहिला नाही. मी दोन, तीन आणि चार चांदण्यांपासून सुरुवात करते. तिथे माणूस तोलून लिहितो. मग कमेंट्सच्या टॅबवर जाते. तिथे खरेदी केलेल्यांच्या नावापुढे तसा शिक्का असतो. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं किती दिवसांनी येतात आणि एकच तक्रार वेगवेगळे लोक करताहेत का, हे तिथे उघड दिसतं.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या डिरेक्टरीत उलट आहे. तिथे खातं असलेला कोणीही रिव्ह्यू लिहू शकतो, पण नको असलेला रिव्ह्यू थीमवाल्याला परस्पर काढता येत नाही. लिहिणाऱ्याच्या नावावर क्लिक करून त्याचं प्रोफाइल बघा. खातं त्याच आठवड्यातलं आणि आयुष्यात एकच रिव्ह्यू, तोही 'व्हेरी नाइस थीम', तर तो मोजू नका.

आणि अनघाताई, पैशाचं एक. थीमफॉरेस्टवरच्या बऱ्याच थीम साधारण ६० डॉलरच्या आसपास असतात, म्हणजे तुमचे पाच हजार एका थीममध्ये संपतील. त्यात मदत सहा महिन्यांचीच मिळते, पुढची वाढवायला वेगळे पैसे. अपडेट मात्र मिळत राहतात. कमिटीला हे आधीच सांगून ठेवा.

पहारेकरी

सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे माझं म्हणणं सुरक्षिततेबद्दल आहे, आणि हा भाग रिव्ह्यूंत जवळपास कधीच नसतो.

ऑगस्ट २०११ मध्ये टिमथंब नावाच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये भोक सापडलं. चित्रं लहान-मोठी करायला ती असंख्य थीममध्ये घातलेली होती. आपल्या थीममध्ये ती आहे हे साइटवाल्यांच्या गावीही नव्हतं. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशनचं तेच झालं. हा विकतचा प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जास्तीचा प्रोग्रॅम) अनेक थीमबरोबर आतच यायचा. प्लगइनवाल्यांनी दुरुस्ती केली होती, पण थीमसोबत आलेली प्रत आपोआप अपडेट होत नव्हती, थीमवाला नवी आवृत्ती काढेल तेव्हाच ती मिळायची. डिसेंबरमध्ये सोकसोक नावाचा मालवेअर (घातक प्रोग्रॅम) त्यातून शिरला आणि गुगलने ११ हजारांहून जास्त डोमेन काळ्या यादीत टाकली. त्यांतल्या कितीतरी थीमना तेव्हाही साडेचारच्या वर चांदण्या असणार, कारण चांदणी देणारा माणूस रंग, मांडणी, स्लायडर बघत होता.

जानेवारी २०२२ मधलं प्रकरण यापेक्षा वेगळं. अॅक्सेसप्रेस थीम्स या कंपनीच्या ४० थीम आणि ५३ प्लगइनमध्ये मागचं दार (हल्लेखोराला गुपचूप शिरायची वाट) बसवलेलं असल्याचं जेटपॅक या वर्डप्रेस प्लगइनच्या संशोधकांनी जाहीर केलं. कोणीतरी सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीच्या साइटवर शिरून फायली बदलल्या होत्या. कंपनीच्या साइटवरून उतरवलेल्या प्रती बाधित, वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतल्या स्वच्छ. थीम तीच, रिव्ह्यू तेच, फक्त उतरवण्याची जागा वेगळी.

म्हणून मी रिव्ह्यूच्या आधी चेंजलॉग, म्हणजे आवृत्तीनिहाय बदलांची नोंद, वाचतो. कोणती आवृत्ती कधी आली, सुरक्षिततेची दुरुस्ती जाहीर झाल्यावर किती दिवसांत उतरली, मध्येच वर्षभर शांतता आहे का. नुसतं 'किरकोळ सुधारणा' असं दहा वेळा लिहिलेला चेंजलॉग मला आवडत नाही. काय मोडलं होतं ते लिहिणारा थीमवाला बरा. दोन वर्षं अपडेट नसलेल्या थीमच्या पानावर वर्डप्रेसची डिरेक्टरी स्वतःच इशारा दाखवते, तो दिसला की मागे फिरा.

आणि 'प्रीमियम थीम फुकट' म्हणून कोणी झिप फाइल पाठवली, अगदी ओळखीच्याने पाठवली तरी घेऊ नका. डब्ल्यूपी-व्हीसीडी हा मालवेअर अशाच चोरीच्या थीममधून पसरला, वर्डफेन्स या वर्डप्रेस-सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल काढला होता.

अक्षरवेडी

वरचं सगळं पटलं. पण अनघा, तुझी साइट मराठी आहे, आणि जगातला सर्वांत प्रामाणिक इंग्रजी रिव्ह्यूसुद्धा तुला हे सांगणार नाही की त्या थीममध्ये 'कीर्ती' कशी दिसते. मी अक्षरांच्या कामात आहे, त्यामुळे हे मला रोज टोचतं.

काय काय होतं ते सांगते. इंग्रजी मथळे ऐटदार दिसावेत म्हणून थीमवाले अक्षरांमधलं अंतर वाढवतात. देवनागरीत ते लागू झालं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात. अंतर उणे असेल तर अक्षरं एकमेकांवर चढतात. मथळ्याच्या ओळींची उंची इंग्रजीसाठी घट्ट ठेवलेली असते, मग मथळा दोन ओळींत गेला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. ज्या चौकटीत जास्तीचा भाग कापला जातो तिथे तर वेलांटीचं डोकंच उडतं. लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय असेल तर 'ज्ञानेश्वरी'ने सुरुवात करून बघ, जोडाक्षर आणि काना-मात्रा एकत्र राहतात का ते.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे थीमच्या डेमोत दिसणाऱ्या सुंदर फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसतेच. मग ब्राउझर फोनमधला जो हाताशी येईल तो फॉन्ट लावतो. तुझ्या फोनवर एक, कमिटीच्या अध्यक्षांच्या फोनवर दुसरा. फॉन्टमध्ये ठळक वजन (जाड अक्षरांचा संच) नसेल तर ब्राउझर अक्षर नुसतं फुगवतो, आणि 'द्ध', 'ष्ट्य' यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. ज्येष्ठ वाचकांना नेमकं तेच वाचता येत नाही.

मी प्रत्येक थीममध्ये ही ओळ मथळा, मजकूर, मेनू आणि बटण अशा चारही ठिकाणी टाकून बघते, हवी तर उचल:

वर्षे, कीर्ती, दुसऱ्या, वऱ्हाड, ऑक्टोबर, कॅरम, हृदय, उद्ध्वस्त, वैशिष्ट्य, शृंगार, कुंकू, बाळ

'दुसऱ्या' आणि 'वऱ्हाड' मधला तो वळणदार र नीट आला, तर फॉन्ट करणाऱ्याने मराठीचा विचार केलाय एवढं समजायचं.

राईनकाठी

@अक्षरवेडी, फॉन्टच्या मुद्द्याला एक जोड. मी जर्मनीत आहे, इथल्या एका निकालाचा मराठी साइटवर परिणाम झालाय. २० जानेवारी २०२२ ला म्युनिकच्या न्यायालयाने ठरवलं की वाचकाच्या संमतीशिवाय गुगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट मागवला तर वाचकाचा आयपी पत्ता गुगलकडे जातो आणि ते नियमबाह्य आहे. नुकसानभरपाई १०० युरोच होती, पण साइटवाल्यांना वकिलांच्या पत्रांची भीती बसली. थीमवाल्यांनी फॉन्ट थीमच्या आत घालायला सुरुवात केली. गोपनीयतेसाठी ते योग्यच झालं. मात्र आकार लहान ठेवायला कित्येकांनी त्यातला लॅटिन भागच घेतला. पूर्वी मुक्ता किंवा पॉपिन्स निवडला की गुगलकडून देवनागरी भाग गरजेनुसार यायचा, आता तेच नाव निवडलं तरी येईलच असं नाही. २०२२ च्या आधीच्या रिव्ह्यूत 'मराठी छान दिसतं' असं वाचलं असेल तर पुन्हा तपासा.

अनघा_वाचनालय

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कमिटीतल्या दोघांना हा धागा वाचायला दिलाय.

प्रश्न असा की ही तपासणी खरेदीच्या आधी करायची कशी? डेमोत माझा मजकूर टाकता येत नाही.

घाटपायथा

डिरेक्टरीतल्या थीमसाठी वर्डप्रेस प्लेग्राउंड वापरा. ब्राउझरमध्येच पूर्ण वर्डप्रेस चालू होतं, होस्टिंग लागत नाही. भाषा मराठी करा, थीम लावा, अक्षरवेडीताईंची ओळ आणि तुमचं एखादं खरं पत्रक टाका. टॅब बंद केल्यावर काम जाऊ शकतं, म्हणून ठेवायचं असेल ते निर्यात करून घ्या. तिथला वेग मात्र मोजू नका, तो तुमच्या संगणकाचा असतो.

विकतच्या थीमला वेगळा मार्ग. तिच्यावर चाललेल्या खऱ्या साइट शोधा आणि गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासायच्या साधनात टाका. पुरेसे वाचक असतील तर मागच्या २८ दिवसांत खऱ्या लोकांना आलेला अनुभव वरच्या भागात दिसतो. मुख्य मजकूर दिसायला अडीच सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल आणि अशा सगळ्याच साइटवर तसं असेल तर दोष थीमचा असण्याची शक्यता बरीच. डेमोचा आकडा सांगू नका कोणाला, तो महागड्या सर्व्हरवर असतो.

सगळ्यांत चांगलं म्हणजे तुम्हाला आवडलेल्या चार-पाच मराठी साइट घ्या, सोर्समधून थीमचं नाव काढा आणि त्या चालवणाऱ्यांना सरळ मेल करा. दुसऱ्या वाचनालयाचा माणूस तुम्हाला खरं सांगेल, त्याला काही विकायचं नाहीये.

टिळकरोड

हे शंभर टक्के. मी एकदा मोठ्या विक्रीची थीम घ्यायच्या बेतात होते, आधी ती वापरणाऱ्या एका प्रकाशिकेला फोन केला. तिने सांगितलं की थीम बदलायची ठरवली तेव्हा जुन्या सगळ्या पानांत चौकोनी कंसांतले कोड उरले, कारण मांडणी थीमच्याच बिल्डरमध्ये (पानं रचायच्या साधनात) अडकलेली होती. कुठल्याच रिव्ह्यूत ते नव्हतं, कारण रिव्ह्यू लिहिणारे थीम लावतात, सोडून जात नाहीत.

अनघा_वाचनालय

करून बघितलं. इथेच लिहिते म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह ही वर्डप्रेसबरोबर येणारी फुकट थीम प्लेग्राउंडमध्ये लावली. ब्लॉक थीम आहे. मुळात तिच्यात मॅनरोप फॉन्ट आहे, त्याला देवनागरी नाही, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर आणि फोनवर अक्षरं वेगवेगळी दिसली. मग वर्डप्रेस ६.५ पासून आलेल्या फॉन्ट लायब्ररीतून मुक्ता घेतला आणि सगळीकडे लावला. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' नीट आले. मथळा दोन ओळींत गेला की मात्र तुम्ही म्हणालात तसा उकार खाली टेकत होता. स्टाइल्समध्ये जाऊन मथळ्याची ओळ-उंची वाढवली आणि अक्षरांतलं अंतर शून्य केलं, मग मोकळं झालं. मेनू मोबाइलवर बरा आहे. पुस्तकांच्या यादीसाठी तक्ता टाकला तर फोनवर शेवटचा रकाना बाहेर जातो, ते अजून सुटलेलं नाही.

एका वाचनालयाला मेल केला होता, त्यांचं उत्तर आलं. ते विकतची थीम वापरतात, दिसायला सुरेख आहे, पण मदतीची मुदत संपल्यावर आलेला एक बिघाड तसाच आहे.

अक्षरवेडी

शाब्बास, असाच रिव्ह्यू हवा होता. तक्ता चार रकान्यांचा असेल तर पुस्तक आणि लेखक एकाच रकान्यात दोन ओळींत घे, फोनवर मावेल. मथळ्याला ओळ-उंची १.४ च्या खाली नको. छापील वळणाचा ल आणि श हवा असेल तर व्याख्यानमालेच्या मथळ्यांना टिरो देवनागरी मराठी लावून बघ. त्याला एकच वजन आहे, म्हणून ठळक करू नकोस, आकार वाढव.

पहारेकरी

खर्च वाचला असेल तर त्यातले काही पैसे रोजच्या बॅकअपसाठी बाजूला ठेवायला कमिटीला सांगा. आणि थीमचं अपडेट आलं की आधी प्लेग्राउंडमध्ये लावून तीच बारा शब्दांची ओळ बघा, मग खऱ्या साइटवर.

दर्यावर्दी

अनघाताई, तुमच्या शेवटच्या प्रतिसादाच्या धर्तीवर मी माझ्या ब्लॉगवर फुकट थीम तपासायला घेतो, मराठी मजकुरासह आणि कमिशनच्या दुव्याशिवाय. काय मोडलं ते आधी लिहीन. कुठली पहिली घेऊ?

अनघा_वाचनालय

तक्ते चांगले दाखवणारी. आणि जुन्या, स्वस्त फोनवर तपासा, आमचे सभासद तेच वापरतात.